म्हण, तिचा इंग्रजी अर्थ आणि मधलं बरोबरचं चिन्ह

राजूरच्या या व्याख्यानाचं निमंत्रण आलं तेव्हा विषय आम्हालाच निवडायला सांगितला होता. आम्ही म्हणी निवडल्या. त्यालाही एक जुना आधार आहे. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथात असं म्हटलंय की सूत्रासारखी वचनं बोलणं वयस्क माणसाला शोभतं, आणि तेही ज्या गोष्टीचा त्याला अनुभव आहे तिच्याबद्दलच. आम्ही सत्तरी ओलांडून बसलो आहोत, म्हणजे पहिली अट पूर्ण झाली. दुसरीचा निकाल तुम्ही द्यायचा.

निमित्त मात्र घरचं आहे. आमची नात मिलानला शिकायला गेली आहे. तिथे टिकायचं तर इटालियन यायला पाहिजे, म्हणून तिने शिकवणी लावली. शिकवणीत त्यांना एक यादी दिली : डावीकडे इटालियन म्हणी आणि रोजच्या बोलण्यातले वाक्प्रचार, उजवीकडे त्यांचा इंग्रजी अर्थ. तिने त्या यादीचा फोटो आम्हाला पाठवला. आम्हाला इटालियन येते ती तत्त्वज्ञानाचे ग्रंथ कोशाच्या आधाराने चाळण्याइतकीच, पण यादी वाचायला मजा आली.

त्यात एक होतं, 'आक्वा इन बोक्का'. शब्दशः 'तोंडात पाणी'. नात म्हणाली, "आबा, मला वाटलं काहीतरी खायचं दिसलं म्हणून पाणी सुटलं असेल." साहजिक आहे. मराठी कानाला दुसरं काय वाटणार? पण इंग्रजी अर्थ दिला होता : कीप मम. गप्प राहा, कुणाला सांगू नको. तोंडात पाणी धरलं की बोलता येत नाही, असा तो हिशेब. मग तिने विचारलं, आपल्याकडे याला काय म्हणतात? आम्ही ताबडतोब सांगितलं, मूग गिळून बसणे. तीही खूष, आम्हीही खूष. त्यांच्या तोंडात पाणी, आमच्या तोंडात मूग!

फोन ठेवला आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की आम्ही चुकीचं सांगितलं. 'आक्वा इन बोक्का' हे आधी म्हणतात. एखादी गोष्ट विश्वासाने सांगितली की पुढे जोडतात, ही तुझ्यामाझ्यात राहू दे. ती विनंती आहे. आणि मूग? 'ग्रामसभेत सगळे मूग गिळून बसले' असं आपण केव्हा म्हणतो? सभा संपल्यावर, घरी येताना, चिडून. बोलायला पाहिजे होतं आणि बोलले नाहीत, हा आरोप आहे. एकात गप्प राहणं हा इमान, दुसऱ्यात गप्प राहणं हा भेकडपणा. आणि दोघांचा इंग्रजी अर्थ यादीत एकच : कीप मम. उजवा रकाना सारखा आहे म्हणून आम्ही डावे रकानेही एकमेकांना जोडून टाकले. चाळीस वर्षं अर्थ म्हणजे काय हेच वर्गात शिकवलेल्या माणसाने!

मग आम्ही विचार करू लागलो की ही सवय लागली कुठून. लागली शाळेतून. आम्ही १९६० च्या दशकात शिकलो. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची, एका बाजूला मराठी म्हण, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि मध्ये बरोबरचं चिन्ह. गणितातलं तेच चिन्ह. दोन अधिक दोन बरोबर चार, तसं 'नाचता येईना अंगण वाकडे' बरोबर 'अ बॅड वर्कमन क्वारल्स विथ हिज टूल्स'. तुमच्यातल्या पुष्कळांना ही जोडी पाठ असेल. आज इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही मराठी म्हण शिकवायची झाली की हाच रस्ता.

या जोडीकडे जरा थांबून बघू. मराठीत एक अंगण आहे आणि नाचायला उभी राहिलेली कुणीतरी आहे. नाचता येत नाही म्हणून ती दोष अंगणाला देते. ऐकणारे हसतात, ती बहुधा स्वतःही हसते. कुणाचं काही जात नाही. इंग्रजी म्हणीत नाचणारी नाही, कामगार आहे. त्याच्या हातात हत्यार आहे, आणि कामगार आहे म्हणजे त्याला काम सांगणारा कुणीतरी आहे. ही म्हण कोण कुणाला म्हणेल? आम्हाला तरी ती मालकाच्या तोंडी ऐकू येते. आणि आपण बसलो आहोत राजूरला. इथे कोळसा आहे, चुन्याच्या भट्ट्या आहेत. अंगण वाकडं असलं म्हणून कुणाचा जीव जात नाही. खाणीत छताला दिलेला टेकू कच्चा असला तर जातो. तेव्हा एखादा माणूस म्हणाला की हत्यार बरोबर नाही, टेकू बरोबर नाही, तर त्याला 'बॅड वर्कमन' ची म्हण ऐकवणं हा विनोद नाही, ते त्याचं तोंड बंद करणं आहे. मग या दोन म्हणींचा अर्थ एक कसा? दोन्हींत सबब सांगणं आहे, एवढं सामाईक आहे, मान्य. पण तेवढाच अर्थ असता तर म्हण कशाला पाहिजे होती? 'सबब सांगू नको' हे साधं वाक्य होतंच की.

आणखी एक जोडी आम्ही स्वतः वहीत उतरवली होती : 'पी हळद अन् हो गोरी', बरोबर 'रोम वॉज नॉट बिल्ट इन अ डे'. आता बघा, रोमची म्हण कष्ट करणाऱ्याला धीर देते. बाबा, वेळ लागतोच, करत राहा. हळदीची म्हण उतावळ्याला टोमणा मारते. एक पाठीवरून हात फिरवते, दुसरी चिमटा काढते. वेळ लागतो ही माहिती दोन्हींत आहे. पण माहिती देण्यासाठी म्हण कुणी वापरत नाही, राजेहो. ऐकणाऱ्याला ते माहीतच असतं. विट्गेनश्टाइन म्हणाला की शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा त्याच्या वापरात असतो. शब्दांच्या बाबतीत त्यावर वाद घालता येईल, म्हणींच्या बाबतीत आम्हाला तो वाद सुचत नाही.

हा दोष इंग्रजांवर ढकलायचा मोह होतो, पण तसं करू नये. मराठी म्हणी इंग्रजीत नेण्याचं सर्वांत मोठं जुनं काम रेव्हरंड आल्फ्रेड मॅनवेअरिंग या मिशनऱ्याचं. त्याचा 'मराठी प्रॉव्हर्ब्ज' हा संग्रह १८९९ मध्ये ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसने छापला. त्याच्याही आधी मोल्सवर्थच्या कोशात, १८३१ च्या पहिल्या आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत, शब्दाच्या पोटात म्हणी येतात आणि त्यांचं इंग्रजी विवरण येतं. मॅनवेअरिंगने एक शहाणपणाची गोष्ट केली. तो सहसा आधी मराठी म्हणीचा सरळ शब्दार्थ देतो, अंगण असेल तर अंगण, हळद असेल तर हळद, आणि मग गरज वाटली तर खुलासा किंवा जवळची इंग्रजी म्हण. म्हणजे वाचणाऱ्याला आधी परकं काहीतरी दिसतं, मग ओळखीचं. आमच्या शाळेच्या वहीने पहिली पायरी काढून टाकली आणि दुसरी ठेवली. परक्या माणसाने जपलेलं आम्ही घरच्यांनी टाकलं.

तक्रार त्याच्याबद्दल वेगळी आहे. त्याने म्हणी विषयवार लावल्या : शेती, जनावरं, शरीराचे अवयव, अशा. वाचायला सोयीचं आहे. पण त्या मांडणीत बोलणारा दिसत नाही. जात्यावर बसलेल्या बाईची म्हण आणि सावकाराची म्हण एकाच पानावर शेजारी शेजारी उभ्या राहतात, जणू एकाच तोंडून निघाल्या. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'चे दोन खंड १९४२ आणि १९४७ चे. त्यात मराठीचा अर्थ मराठीतच दिला आहे, पुष्कळ ठिकाणी मागची गोष्टही आहे. तरी कोण कुणाला म्हणतं, हे तिथेही बहुधा वाचणाऱ्यानेच ओळखायचं.

इथे तुमच्यापैकी कुणी म्हणेल, सर, पण सगळ्या जगाचं शहाणपण एकच नाही का? हा प्रश्न एका इटालियन तत्त्वज्ञानेच विचारून ठेवला आहे, म्हणून त्याच्याकडे जावं लागतं. जांबात्तिस्ता व्हिको, नेपल्सच्या विद्यापीठात वक्तृत्वशास्त्राचा प्राध्यापक, आयुष्यभर कमी पगारावर. त्याचा 'नवे शास्त्र' हा ग्रंथ पहिल्यांदा १७२५ मध्ये आला आणि शेवटची आवृत्ती १७४४ मध्ये, तो वारल्यावर काही महिन्यांनी. व्हिको म्हणतो की सर्व राष्ट्रांच्या मुळाशी एक सामाईक मनोभाषा असली पाहिजे. आणि पुरावा कुठला देतो? म्हणींचा! सामान्य लोकांच्या शहाणपणाची वचनं आशयाने तीच असतात, राष्ट्रं जितकी तितके त्यांचे वेष निराळे. म्हणजे आमच्या वहीतलं बरोबरचं चिन्ह व्हिकोने तत्त्वज्ञानाच्या पायावर उभं केलं म्हणा ना.

आणि त्याच्या बाजूने पुरावाही आहे. इटालियन म्हणतात, पाहुणा माशासारखा, तीन दिवसांनी वास मारतो. आपल्याकडे : पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. तीन दिवस तिकडेही, तीन दिवस इकडेही! बेंजामिन फ्रँकलिनने हीच माशाची म्हण अठराव्या शतकात आपल्या पंचांगात छापली. अशा ठिकाणी बरोबरचं चिन्ह मारावं, आमची हरकत नाही. (घरात आजच पाहुणे असतील त्यांनी हे मनावर घेऊ नये.)

पण दुसरं उदाहरण घेऊ. इटालियन म्हणतात, लांडग्याची लव झडते पण खोड जात नाही. आपण म्हणतो, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. इंग्रजी रकान्यात दोन्हींपुढे बिबट्या येतो, ज्याला आपल्या अंगावरचे ठिपके बदलता येत नाहीत. आता 'खोड' म्हणजे काय, हे बैल विकत घेतलेल्या माणसाला विचारा. बाजारात बैल बघताना दात बघतो, खांदा बघतो, आणि हळूच विचारतो, खोड काय आहे? बसतो का, मारतो का, जू टाकतो का? खोड ही लागते. ती अंगाबरोबर जन्माला येत नाही. लांडग्याच्या म्हणीतही 'वित्सियो' आहे, म्हणजे व्यसन, वाईट सवय. बिबट्याचे ठिपके मात्र सवय नाही, कातडी आहे. सवय आणि प्रकृती यांच्यातला भेद समजावण्यात आमची नोकरीतली किती वर्षं गेली असतील, आणि या छोट्याशा रकान्यात तो पुसून जातो. बरं, हा बिबट्या आला बायबलमधून, यिर्मयाच्या पुस्तकातून. तिथे त्याच वचनात बिबट्याच्या आधी कूशी माणसाच्या, म्हणजे काळ्या आफ्रिकी माणसाच्या, कातडीचा उल्लेख आहे. सवयीवरून जन्मावर जायला किती कमी अंतर लागतं पाहा. 'त्याला खोड आहे' आणि 'तो तसलाच आहे' ही दोन वाक्यं एक नव्हेत.

आता जे सांगायला आम्ही खरं आलो ते सांगतो. नातीच्या यादीत एक म्हण होती. तिचा शब्दार्थ, पिंपही भरलेलं पाहिजे आणि बायकोही प्यायलेली पाहिजे. दारूचं पिंप. दोन्ही एकदम मिळत नाहीत. इंग्रजी अर्थ : केक खायचाही आणि ठेवायचाही. केक! बायको कुठे गेली? इटालियन नवऱ्याच्या मनात काय होतं, ते इंग्रजीत येता येता धुऊन निघालं. नात हसली, म्हणाली, इंग्रजी जास्त सभ्य आहे. आम्ही हसलो नाही, कारण आम्हाला आमच्या वहीतलं एक पान आठवलं.

त्या पानावर होतं : 'गाव तिथे महारवाडा', बरोबर 'देअर इज अ ब्लॅक शीप इन एव्हरी फ्लॉक'. गुरुजींनी अर्थ सांगितला, चांगल्याबरोबर थोडं वाईट असायचंच. आम्ही पहिल्या बाकावर बसून मोठ्याने म्हटलं. सगळ्या वर्गाने म्हटलं. वर्गात मागच्या बाकावर त्या वस्तीतला आमचा एक सोबती होता. १९५६ नंतर त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता. त्यानेही म्हटलं, कारण परीक्षेत येणार होतं. आम्हाला त्या दिवशी काही खटकलं नाही. हे आम्ही प्रौढी म्हणून सांगत नाही. आम्हाला मेंढरू दिसत होतं. शेजारी बसलेला माणूस त्या मेंढराच्या मागे झाकला गेला होता.

तो पुढे खाणीत लागला, निवृत्त झाला. पुष्कळ वर्षांनी एका लग्नात भेट झाली, जुन्या वह्यांचा विषय निघाला, आणि आम्ही जरा चाचरत ती म्हण काढली. तो शांतपणे म्हणाला, "इंग्रजीत मेंढरू होतं रे. मराठीत मी होतो." आणि जेवायला चल म्हणाला.

हल्लीच्या याद्यांत त्या जागी 'गाव तिथे उकिरडा' असं रूप दिसतं. बदल केला ते बरंच झालं. पण बदलताना अदलाबदल कशाची झाली तेही वाचा. एका वस्तीच्या जागी उकिरडा चपखल बसला, वाक्य जरासुद्धा अडखळलं नाही, अर्थही तोच राहिला. म्हणजे आधीच्या म्हणीत काय चाललं होतं याची कबुलीच ती. इंग्रजी रकान्याने ती कबुली साठ वर्षांपूर्वी आमच्यापासून लपवली. लपवायचा हेतू कुणाचा असेल असं आम्ही म्हणत नाही. बरोबरच्या चिन्हाचं कामच ते : दोन्ही बाजूंना जे सारखं तेवढं ठेवायचं, बाकी उडवायचं. आणि जे उडालं त्यात माणसं होती.

अजून एक बघा. तेच शब्द त्या वस्तीतल्या म्हाताऱ्याने म्हटले असते तर? गाव तिथे महारवाडा. गावाची शीव कुठली हे सांगायला तोच लागायचा, सांगावा न्यायला तोच, वेस राखायला तोच. त्याच्या तोंडी या वाक्याचा अर्थ झाला असता, आमच्यावाचून तुमचं एकही गाव उभं राहत नाही. शब्द एकही बदलला नाही, आणि अर्थ उलटा झाला. म्हणून आम्ही व्हिकोशी भांडतो. आशय तोच आणि वेष वेगळा, असं तो म्हणतो. पण वेष उतरवून ठेवला की बोलणारा कुठे उभा होता तेही त्याच्याबरोबर जातं, आणि आशय त्याच जागेवरून ठरत होता. गंमत म्हणजे हे आम्हाला व्हिकोनेच शिकवलं. त्याच ग्रंथात तो सांगतो की माणसांचा क्रम आधी रानं, मग झोपड्या, मग गावं, मग शहरं आणि शेवटी विद्यापीठं, आणि शब्दही याच वाटेने आले. कायद्याला असलेला लॅटिन शब्दसुद्धा तो ओकची फळं वेचण्यापर्यंत मागे नेतो. ज्याला कायद्यात रानातली फळं दिसली, त्याने म्हणींच्या बाबतीत एवढी घाई का करावी, हे कोडं आम्हाला सुटलेलं नाही.

आता रोजच्या बोलण्याबद्दल थोडं, मग थांबतो. परीक्षेला निघालेल्याला इटालियन माणूस म्हणतो, 'इन बोक्का अल लूपो', लांडग्याच्या तोंडात जा. उत्तर द्यायचं 'क्रेपी', म्हणजे मरो तो लांडगा. अलीकडे प्राणिप्रेमी लोक 'विवा इल लूपो', लांडगा जगो, असंही म्हणू लागलेत म्हणे. इंग्रजी अर्थ दिला होता, गुड लक. बरोबर आहे, आणि अगदी निरुपयोगी आहे. उत्तरादाखल 'थँक यू' म्हटलं तर समोरचा ओळखतो की हा यादीतून शिकला.

आपल्याकडे हे किती आहे! बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली. दुकान बंद केलं नाही, वाढवलं. दिवा विझवला नाही, शांत केला. आणि निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. इंग्रजी रकान्यात 'येतो' पुढे काय लिहाल? 'आय ॲम गोइंग' लिहिलं तर अर्थ बरोबर आणि शब्द उलटा. इथे ज्या घरातला माणूस रात्रपाळीला खाणीत उतरतो त्या घरात हा शब्द दारात कसा म्हटला जातो, आणि एखाद्या दिवशी घाईत चुकून 'जातो' म्हटलं तर माय कशी त्याला मागे बोलावून पुन्हा म्हणायला लावते, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. हा अर्थ शब्दात नाही, उंबरठ्यावर आहे.

नातीला आम्ही परत फोन केला. मुगाची चूक कबूल केली. तिला सांगितलं, यादी फेकू नको, सुरुवातीला काठी लागतेच. फक्त प्रत्येक ओळीखाली आधी शब्दशः मराठी लिही, कितीही वेडंवाकडं दिसलं तरी. तोंडात पाणी, तर तोंडात पाणी. आणि ते वाक्य तुला खरोखर कुणी म्हटलं की कुणी म्हटलं, कशावरून म्हटलं ते लिही. तिने पहिली नोंद पाठवली. घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या, खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूबद्दल काहीतरी सांगितलं आणि म्हणाल्या, आक्वा इन बोक्का. काय सांगितलं ते मात्र नातीने आम्हाला सांगितलं नाही.

तुमच्याकडूनही असंच पाहिजे. राजूरला वऱ्हाडी आहे, तेलुगू आहे, हिंदी आहे, आजूबाजूला गोंडी आणि कोलामी बोलणारी घरं आहेत. एकाच आळीत पाच भाषांच्या म्हणी असतील. व्याख्यान संपल्यावर दारापाशी कोरे कागद ठेवले आहेत. एका बाजूला म्हण लिहा, जशी घरात ऐकली तशी, शुद्ध करू नका. मागच्या बाजूला अर्थ लिहू नका. कोण कुणाला म्हणालं, आणि त्यावर समोरच्याने काय केलं, तेवढं लिहा. नावं घालू नका, नाहीतर गावात आमच्यामुळे भांडणं लागायची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नातवंडांकडून लिहून घ्या, त्यात नातवंडांचाच जास्त फायदा आहे. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.